कुशीतलं पंक्चर

गेल्या महिन्यात स्कूटी सर्व्हिसिंगला टाकली, तेव्हा तिथल्या मेकॅनिकने मागच्या टायरवरच्या तीन पिवळ्या रेघा नखाने खरवडायला घेतल्या. "मॅडम, कुणीतरी रंग सांडलाय, पेट्रोलने पुसून देतो," म्हणाला. मी इतक्या जोरात "हात लावू नका" म्हटलं की शेजारच्या गिऱ्हाइकाने चहाचा कप खाली ठेवला. त्या रेघा रंग सांडून पडलेल्या नाहीत. त्या नरसय्याने मोजून मारल्या आहेत, आणि त्या पुसायची परवानगी त्याने मलासुद्धा दिलेली नाही.

मी नर्स. तेव्हा सोलापुरात भवानी पेठेत राहत होते आणि नोकरी होटगीच्या बाजूला एका उपकेंद्रात होती. रोज सकाळी स्कूटीवर पायाशी लसींचा निळा डबा ठेवायचा आणि होटगी रस्त्याला लागायचं, असं आठ वर्षं चाललं. शहर संपता संपता त्या रस्त्याला एका पार्सलच्या गोदामाची लांबलचक भिंत होती, आणि भिंतीला लागून कडुनिंबाचं झाड. झाडाखाली नरसय्याचं दुकान. दुकान म्हणजे हवेची टाकी, पाण्याचं घमेलं, अवजारांची पत्र्याची पेटी आणि दोन स्टुलं. त्यातल्या एका स्टुलावर नरसय्या क्वचितच टेकायचा. दुसऱ्यावर त्याचा थोरला भाऊ लिंगय्या दिवसभर बसलेला असायचा, उजवा हात मांडीवर पालथा टाकून. नरसय्या त्याला अन्ना म्हणायचा. तेलुगूत थोरल्या भावाला तसंच म्हणतात, म्हणून मग आम्हीही सगळे अन्नाच म्हणायचो.

झाडाला पत्र्याची पाटी होती. वर 'पंक्चर' आणि खाली त्याच पिवळ्या रंगात, 'कुशीतलं निघणार नाही. वाद घालू नये.'

मी पहिल्यांदा तिथं थांबले ती पाटी न वाचताच. मागच्या टायरची हवा गेली होती, उशीर झाला होता, आणि मी स्कूटीवर बसूनच हवा भरायला सांगितलं. साठीला आलेला एक काटकुळा माणूस समोर येऊन उभा राहिला. खाकी हाफ पँट, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. "उतरा," म्हणाला. मी म्हटलं, नुसती हवा भरा, मला घाई आहे. "उतरा की. तुमी इंजेक्शन देताना पेशंट उभ्यानं पळतंय का?" माझ्या पांढऱ्या कोटावरून त्याने मला तेवढ्यात ओळखलं होतं. मी उतरले.

चाक फिरवून, हाताने चाचपून त्याने खिळा शोधला, पकडीने ओढला आणि सरळ माझ्या तळहातावर ठेवला. खिळा गरम होता. "हे घरी न्या. कुटल्या रस्त्याला घुसला ते आठवा." मी दिवसभर बायकांना उकळून पाणी प्या, बाळाचं कार्ड जपून ठेवा असं सांगत फिरणारी बाई. मला असं कुणी शिकवलं की मी आतून चिडते. पण मी तो खिळा पर्समध्ये टाकला आणि खरंच आठवत बसले.

पुढे कळलं, की नरसय्या खिळा काढल्याशिवाय आणि तो गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय पुढचं काम करतच नाही. खिळा सापडला नाही तर तासभर शोधेल, गिऱ्हाईक कंटाळून गेलं तरी चालेल. भोक सापडलं की कानशीसारख्या खरखरीत दाभणाने ते आतून घासायचं, मग जाड सुईच्या नाकात रबराची चिकट दोरी ओवायची, सुई अंगाच्या जोराने टायरमध्ये दाबायची आणि एका हिसक्यात बाहेर काढायची. सुई बाहेर येते, दोरी आत राहते. मग वर उरलेलं शेपूट ब्लेडने कापायचं आणि त्यावर थुंकी लावून बुडबुडा येतो का बघायचं. हे शेवटचं मला बघवायचं नाही. एकदा मी म्हटलं, अहो, शेजारी घमेलंभर पाणी आहे. तर म्हणाला, "शिस्टर, थुंकी टायरला लावतोय, तुमच्या बाळाला न्हाय."

त्या दोरीला तो सूत म्हणायचा. दोघं भाऊ मूळचे विणकर. भवानी पेठेतल्या एका कारखान्यात चादरीच्या मागावर दोघांची उमेदीची वर्षं गेली. कारखाना बंद झाला तेव्हा नरसय्याने पंक्चरचं काम शिकून घेतलं आणि अन्ना दुसऱ्या कारखान्यात मागावरच राहिला. पिवळ्या रेघांची रीतही नरसय्याने कारखान्यातूनच आणली होती. तिथं चादर तपासताना कुठं धागा सुटलेला दिसला की त्या जागी काठाला रंगीत दोरा बांधायचे. दोष लपवायचा नाही, पुढच्या माणसाला दिसला पाहिजे. नरसय्याने टायरला तेच लावलं. एक पंक्चर काढलं की टायरच्या कडेला एक पिवळी रेघ. चार रेघा झाल्या की तो त्या टायरला हात लावायचा नाही. मग गिऱ्हाईक गयावया करो, नाहीतर शिव्या देवो. बाकीचे पंक्चरवाले त्याला हसायचे. नव्या टायरवर रेघ मारली म्हणून भांडायला आलेले लोक मी पाहिलेत. एकाने गाडी विकायला काढली होती, तो म्हणाला, तुमच्या रेघेमुळे गिऱ्हाईक भाव पाडतंय. नरसय्याने त्याला विचारलं, "मग त्याला म्हायती नको व्हय?" आणि दुसऱ्या गाडीकडे वळला.

असा माणूस कुणाला आवडेल? मला आवडायचा. आमच्या खात्यात काम झालं नाही तरी रजिस्टरला झालं म्हणून लिहायला सांगणारे साहेब मी पुष्कळ पाहिले होते. त्यांच्याशी भांडून आलेल्या दिवशी मी मुद्दाम झाडाखाली थांबायचे.

आता त्याची एक हारही सांगते, नाहीतर हे सगळं फारच गोड होईल. टायरमध्ये आधीच भरून ठेवायचं ते हिरवं लिक्विड नरसय्याला अजिबात चालायचं नाही. खिळा घुसला की ते आपोआप भोक बुजवतं, असं डब्यावर लिहिलेलं असतं. लिक्विड भरलेली गाडी आली की त्याचं डोकं फिरायचं. टायर आतून बुळबुळीत झालेला असतो, दोरी धरत नाही, सगळं पुसून काढावं लागतं. "खिळा आतच ऱ्हातो आन् मानूस म्हनतो माझं पंक्चरच झालं न्हाय," असं तो म्हणायचा. माझी फिरती होटगीच्या पुढे शिवारातल्या वस्त्यांवर, तिकडे पंक्चरचं दुकान नाही. म्हणून मी त्याच्याकडे लिक्विड मागितलं. त्याने साफ नाही म्हटलं. मी वाद घातला, तर अन्नाकडे बघून म्हणाला, "शिस्टरला बी जाहिरात चावली."

पंधरा दिवसांत एका वस्तीच्या अलीकडे माझ्या टायरची हवा गेली. डोक्यावर ऊन, हातात लसींचा डबा. बर्फ वितळायच्या आत पोचायचं म्हणून स्कूटी तिथंच टाकून मी शेतांच्या बांधावरून चालत निघाले. पोचले तेव्हा बाया झाडाखाली खोळंबल्या होत्या आणि माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी झाडाखाली गेले ती भांडायलाच. जे तोंडाला येईल ते बोलले. नरसय्या ऐकत राहिला. मग उठला, रस्ता ओलांडून समोरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेला आणि स्वतः हिरवी बाटली घेऊन आला. वॉल्व्ह काढून ते लिक्विड माझ्या टायरमध्ये सोडताना त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. "तुमच्यापुरतं हाय हे," म्हणाला. "दर सोमवारी हितं यायचं. मी चाक फिरवून बघनार. खिळा आत ठिवून फिरायचं न्हाय." चुकलं असं तो म्हणाला नाही. पण पुढे मी बदलून जाईपर्यंत दर सोमवारी त्याने माझी दोन्ही चाकं फिरवून बघितली, आणि दोनदा त्यात खिळे निघाले.

आता पाटीवरची ती खालची ओळ. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो जाड असतो, तिथलं पंक्चर दोरीने निघतं. टायरची बाजू पातळ असते आणि गाडी चालताना सतत दबत-फुगत असते. या बाजूला नरसय्या कूस म्हणायचा. तिथं खिळा घुसला तर टायर बदलायचा, दुसरा इलाज नाही. पण हे लोकांना पटत नाही. एवढंसं भोक, एक दोरी घाला ना, कोण बघतंय. असं कुणी जास्तच लावून धरलं की नरसय्या वाद घालत नसे. मान न वळवता तो एवढंच म्हणायचा, "अन्ना, दाखव."

मग अन्ना उजवा हात मांडीवरून उचलायचा. मनगट वाकडं जुळलेलं, तीन बोटं आत वळलेली, मूठही मिटत नाही आणि पंजाही उघडत नाही. हात दाखवताना अन्ना दुसरीकडे, रस्त्याकडे बघायचा. जणू तो हात दुसऱ्याच कुणाचा होता आणि त्याच्याकडे नुसता सांभाळायला दिला होता. गिऱ्हाईक वाद सोडून गाडी ढकलायला लागायचं. हात पुन्हा मांडीवर जायचा.

ही हकिकत नरसय्याने मला एका सोमवारी चाक फिरवता फिरवता सांगितली, अन्ना चहा आणायला गेला होता तेव्हा. नरसय्या तेव्हा पंक्चरच्या कामात नवा होता. अन्नाला अक्कलकोटला साडूकडे लग्नाला जायचं होतं आणि मोटारसायकलच्या टायरला कुशीत खिळा. ज्याच्याकडे काम शिकला त्याने बजावलं होतं, कुशीला हात लावायचा नाही. "पन मी इनकर की ओ, शिस्टर. मला वाटलं, भोक म्हंजे भोक. सूत भरलं की वीन सांधती. मागावर जलम गेला, एवढं सांधता येत न्हाय व्हय मला?" त्याने एक सोडून दोन दोऱ्या घातल्या, वरून लिक्विड ओतलं, चाक पाण्यात बुडवून बघितलं. एकही बुडबुडा आला नाही. त्याने मोठ्या खुशीत भावाला निरोप दिला. वळसंगच्या पुढे टायर फाटला. जीव वाचला, हात गेला. अन्नाचा माग कारखान्याने दुसऱ्याला दिला.

"काय बोलले अन्ना तुम्हाला?" मी विचारलं.

"काय न्हाय. दवाखान्यातनं आला, दुसऱ्या दिवशी हितं येऊन स्टुलावर बसला. तवापासनं बसलाय. त्या टायरचं नाव बी काडलं न्हाय कदी." त्याने चाक थांबवलं. "शिवी दिली असती तर बरं झालं असतं."

अन्ना तिथं का बसतो, सोबतीला की डोळ्यांसमोर राहून छळायला, हे नरसय्याला माहीत नव्हतं. मलाही कधी कळलं नाही.

झाडामागचं ते पार्सलचं गोदाम एका शेठचं होतं. माणूस तसा वाईट नव्हता. हवेच्या टाकीला वीज त्यांच्याच गोदामातून वायर टाकून दिलेली, इतकी वर्षं कधी त्यांनी त्याबद्दल तोंडातून शब्द काढला नव्हता. दिवाळीला दोघा भावांना मिठाईचा पुडाही यायचा. पण धंदा वाढला, पार्सल पोचवणाऱ्यांच्या गाड्या वाढल्या, आणि त्या गाड्यांचे टायर मात्र घासून गुळगुळीत होईपर्यंत वापरायचे असं शेठचं धोरण झालं. नरसय्याच्या रेघा तिथं रोज आडव्या यायला लागल्या.

सलीमभाई त्या गाड्यांपैकी एकीवर होता. चाळिशी उलटलेला, आधी तोही यंत्रमागावरच होता. एका रविवारी संध्याकाळी मी पोलिओच्या मोहिमेवरून परत येत होते, तर झाडाखाली त्याची गाडी, टायरच्या कुशीत खिळा आणि शेठ स्वतः बाहेर आलेले. "नरसय्या, एक दोरी टाक आणि वरनं लिक्विड भर. उद्याच्या दिवस अक्कलकोट करून येऊ दे, मग टायर बदलू," शेठ म्हणाले. आवाज अगदी समजुतीचा. नरसय्या म्हणाला, "टायर बदला, मग अक्कलकोट करा." शेठनी आणखी एकदा समजावलं. नरसय्याने भावाला हाक मारली आणि अन्नाने हात उचलला. शेठनी तो हात आधीही पाहिलेला होता. ते आत गेले, आणि गाडी ढकलत दुसरीकडे पाठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी थांबले, सोमवार होता. सलीमभाईची गाडी गोदामाच्या दारात पार्सलं लादून उभी. टायरच्या कुशीतून दोरीचं शेपूट बाहेर आलेलं, ताजं. नरसय्या माझं चाक सोडून उठला. पकड घेतली, त्या गाडीपाशी उकिडवा बसला आणि दोरी ओढून काढली. हवा फस्सकन गेली आणि गाडी एका अंगाला बसली.

"चाचा, ये क्या किये? मेरेकू निकलना है, कायकू निकाले?" सलीमभाई धावत आला.

"तुला पोरं किती हायत?" नरसय्याने विचारलं.

दुसऱ्याच्या गाडीची हवा सोडणं ही चूकच होती, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याच्या जागी मी असते तर मुकाट्याने मान खाली घातली असती. तरी खरं सांगते, तो फस्स आवाज ऐकून मला इतका आनंद झाला की मी माझ्या साहेबांना त्याच आठवड्यात एक खोटं रजिस्टर सही न करता परत पाठवलं.

शेठ बाहेर आले. या वेळी आवाज समजुतीचा नव्हता. "माझ्या भिंतीला टेकून बसतोस, माझा करंट वापरतोस आणि माझ्याच गाडीची हवा काढतोस?"

"करंट तुमचा हाय. काडून घ्या की," नरसय्या म्हणाला.

दुपारपर्यंत वायर गेली. हवेची टाकी मुकी झाली. चार दिवस मी येता-जाता बघत होते, गिऱ्हाईक थांबायचं, टाकीकडे बघायचं आणि पुढं जायचं. दोघं भाऊ झाडाखाली बसून. झाड तरी रस्त्याचं होतं, ते शेठला काढता येत नव्हतं. मी म्हटलं, मी बोलते शेठशी, त्यांच्या सुनेचं बाळंतपण माझ्याच हातून झालंय. नरसय्याने चष्मा काढून पुसला. "शिस्टर, सुई वाकडी झाली तर साहेबानं सांगितलं म्हनून तुमी बाळाला टोचता का? न्हाय ना. मग ऱ्हाऊ द्या."

पाचव्या दिवशी मी गेले नाही, माझी बदली पंढरपूरच्या बाजूला झाल्याचा कागद आला होता आणि त्याच धावपळीत आठवडा गेला. शेवटच्या दिवशी उपकेंद्राच्या किल्ल्या देऊन परत येताना, दुपारी चारच्या सुमाराला, मी झाडापाशी स्कूटी लावली. तेवढी भेट घेऊन जायचं होतं.

झाडाखाली तीन गाड्या उभ्या होत्या. त्यातली एक सलीमभाईची, मागे नवाकोरा टायर. तो त्याने कसा मिळवला ते मी विचारलं नाही. पुढच्या चाकाचं साधं पंक्चर होतं, ते नरसय्याने काढलं होतं आणि तो ब्रशने पिवळी रेघ मारत होता. आणि हवा अन्ना भरत होता. स्टूल रिकामं होतं. कुठून तरी आणलेला पायाने दाबायचा जुना पंप जमिनीवर, डावा हात झाडाला टेकलेला, आणि सत्तरीला आलेला तो माणूस उजव्या पायाने पंप दाबत होता. तोंडाने तेलुगूत आकडे मोजत होता. त्याचा आवाज मी आठ वर्षांत जेमतेम दहा वेळा ऐकला असेल.

"बस कर अन्ना, मी भरतो," नरसय्या म्हणाला.

"गप. हात गेलाय, पाय हाय की," अन्ना म्हणाला, आणि आकडा चुकू न देता पुढं मोजायला लागला. नरसय्या ब्रश हातात धरून तसाच बसून राहिला. पिवळा रंग त्याच्या बोटावरून ओघळला तरी त्याला कळलं नाही.

तेवढ्यात गोदामाचं फाटक उघडलं आणि शेठचा मॅनेजर वायरचं भेंडोळं घेऊन आला. गाड्या लांब न्याव्या लागतात, खोळंबा होतो, असं शेठचं म्हणणं होतं. वायर आत्ता जोडून देतो, म्हणाला. गावच्या गिऱ्हाइकांचं तुम्ही काय ते बघा, फक्त आपल्या गाड्यांना कुशीतलं काढून द्यायचं, रेघ मारायची नाही. एवढंच मान्य करा.

नरसय्याने तोंड उघडलं. पण त्याने काही म्हणायच्या आतच अन्नाने उजवा हात उचलला होता. त्याला दाखव म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. या वेळी तो रस्त्याकडे बघत नव्हता, मॅनेजरच्या डोळ्यांत बघत होता. हात तसाच वर धरून, पाय न थांबवता, तो पंप दाबत राहिला.